केळ्यात खोचलेली उदबत्ती

हवेतली धूळ मोजायच्या मशीनपुढे मी उदबत्ती लावली. केळ्यात खोचून, मशीनच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. आणि मग घाटघरची हवा मोजली.

सोपान, हा किस्सा तुला सांगणं म्हणजे तुला तुझंच पिंपळवंडी दाखवण्यासारखं आहे. पण तुझ्यामागे कॉलेजात जे चाललंय त्याची सुरुवात त्या केळ्यापासून होते, त्याला माझा इलाज नाही.

भूगोल विभागात तेव्हा आपण दोघंच. तिसऱ्या वर्षाच्या पोरांची क्षेत्रभेट होती आणि विषय होता हवेचं प्रदूषण. एक तुकडी मंचरला, हायवेच्या कडेला, कांदा-बटाट्याच्या गाड्यांच्या धुरात. दुसरी घाटघरला, नाणेघाटाच्या अलीकडे, डोंगरात. दोन्हीकडची बारीक धूळ मोजायची, आकडे शेजारी शेजारी मांडायचे आणि त्यातून काय निघतं ते पोरांनी स्वतः बघायचं. मंचर तू घेतलंस, कारण तिथं काम होतं. घाटघर मी घेतलं, कारण तिथं पिठलं-भाकरी मिळते.

मशिनं नवीकोरी होती, जेवणाच्या डब्याएवढी. आपल्याकडं नवा ट्रॅक्टर नारळ फोडल्याशिवाय दारातून हलत नाही, विहिरीवरच्या मोटारीलासुद्धा हळदकुंकू लागतं. पोरांनी येतानाच नारळ आणला होता. मी काही देवभोळा नाही, पण पोरांचं मन मोडू नये इतका मोठ्या मनाचा आहे, निदान नारळाच्या बाबतीत. मशीन ओट्यावर ठेवलं, चालू केलं आणि मग पूजा केली. म्हणजे आधी पूजा आणि मग चालू, एवढंही सुचलं नाही. आकडा असा काही चढला की पोरांनी टाळ्या वाजवल्या. घाटघरनं मंचरच्या हायवेला मागं टाकलं. कुणी पंचनामा करायच्या आत मी केळं खाऊन टाकलं.

हा किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेल. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, तपासणीला आलेल्या समितीपुढे. दर वेळी उदबत्ती वाढत गेली. अलीकडच्या आवृत्तीत तर अख्खा पुडा होता आणि धूपही होता. लोक पोट धरून हसायचे. तू एकदाही हसला नाहीस. पंगतीत तर तू पानावरून उठून हात धुवायला गेलास, जिलबी टाकून. तेव्हा वाटलं, काय खडूस माणूस आहे.

होतासच. त्या दिवशी दुपारी तू मंचरचं काम उरकून घाटघरला आलास, भुवयांवर हायवेची धूळ घेऊन. सगळी पोरं तुला एका सुरात उदबत्तीचा पराक्रम सांगत होती. तू नोंदींचा कागद घेतलास, वरून खाली बोट फिरवलंस आणि मला बाजूला बोलावलंस.

"उदबत्ती किती वेळ जळती रं?"

म्हटलं, असेल अर्धा तास.

"मग दुपारपर्यंत आकडा कशानं चढलेला ऱ्हायला? तुझ्या केळ्यानं?"

मी म्हटलं, राख आत गेली असेल, मशीन चोंदलं असेल. तू वाद घातला नाहीस. वाद घालायचा नाही आणि समोरच्याला गाढव असल्याची जाणीव द्यायची, ही तुझी खास पद्धत. तू फक्त तुझं मंचरचं मशीन आणून माझ्या मशीनशेजारी ठेवलंस. आणि मला म्हणालास, लांब उभा राहा. मशीनच्या पुढ्यात माणूस उभा राहिला की मशीन त्या माणसाचीच हवा मोजतं, असं तुझं म्हणणं. त्याच्या कपड्याची धूळ, त्याच्या तोंडची तंबाखू, त्याची बडबड सुद्धा. बडबडीचं तू माझ्यासाठी वाढवलेलं होतंस.

संध्याकाळ कलली तशी दोन्ही मशिनं चढायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तर जोडीनं चढली. तुझ्यात तर राख गेली नव्हती.

परत आल्यावर तुझं तेवढ्यानंही समाधान झालं नाही. दोन्ही मशिनं तू पिंपळवंडीला घरी नेलीस आणि गोठ्यात शेजारी शेजारी मांडून आठवडाभर चालू ठेवलीस. वहिनी झेडपीच्या शाळेत शिकवतात, त्यांना मोजमापाचं वावडं नाही, पण गोठ्यात काय हवा मोजताय, त्यापेक्षा शेण काढा, असं त्यांनी मला तुझ्यादेखत ऐकवलं. मला, तुला नाही. तू निमूटपणे दोन मशिनांत किती फरक पडतो ते बघत होतास. पाणी तापवायचा बंब पेटला की दोन्ही वर जायची, विझला की दोन्ही खाली यायची. तुझं मशीन माझ्यापेक्षा कायम थोडं जास्त दाखवायचं. माणसासारखंच, म्हटलं मी. तू म्हणालास, फरक आहे तो आहे, पण सारखा आहे, म्हणजे धरून चालता येतं. कुठल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवल्याशिवाय त्याचं काय करायचं हे ठरवायचं नाही, असं तू मला तिथंच सांगितलंस, शेणाच्या पाटीवर पाय ठेवून. आयुष्यात मी ऐकलेलं भूगोलाचं सगळ्यात चांगलं व्याख्यान ते. खाली माझ्या चपलेची जी अवस्था झाली ती वेगळी.

आणि तरीही मी माझंच घोडं दामटलं. अहवाल लिहायचं काम माझ्याकडं होतं, कारण माझं मराठी वळणदार आहे असं मी आणि प्राचार्य दोघंही समजतो. घाटघरचे चढलेले सगळे आकडे मी 'मोजमापातील चूक' म्हणून खोडून टाकले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घाटातून वारा सुटल्यावर आलेले स्वच्छ आकडे तेवढे ठेवले. उदबत्तीचा किस्सा तळटीपेत घातला. वाचायला फार गोड झालं होतं.

तू वाचलंस आणि सही न करता माझ्यापुढं सरकवलंस. म्हणालास, "चुकीचा आकडा येगळा अन् न आवडल्याला आकडा येगळा. अर्धा तास तुझा. तो खोड. बाकीचा घाटघरचा हाय, तो तुझ्या बापाचा न्हाई." मी म्हटलं, सोप्या, डोंगरातली हवा घाण आहे असं कोण छापेल? त्यावर तू मला नारायणगावला जाऊन तमाशाचं बुकिंग घ्यायला सांगितलंस, निदान तिथं सोंग काढल्याचे पैसे मिळतात म्हणालास.

प्राचार्यांनी तर त्याही पुढची उडी मारली. मंचरचा आकडा फारच वाईट दिसतोय, देणगीदार व्यापारी नाराज होतील, तेव्हा दोन्ही गावांची सरासरी काढा, समाधानकारक येते, असा त्यांचा तोडगा. त्या मीटिंगमधला तुझा चेहरा मला अजून आठवतो. उसाच्या फडात साप दिसल्यावर माणूस जसा शांत होतो तसा तू शांत झालास. मग विचारलंस, "सर, मंचर अन् घाटघरची बेरीज करून दोनानं भागल्याली हवा घेणारा माणूस मला एक दाखवा. मंचरचा मंचरची घेतो, घाटघरचा घाटघरची. ही तिसरी कोण घेतो?" प्राचार्य म्हणाले, विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. आपल्या कॉलेजात एखादा विषय पुढच्या मीटिंगला गेला की तो गेलाच. अहवाल तुझ्या सहीवाचून कैक वर्षं पडून राहिला, आणि आपलं भांडण पण. मग तू गेलास.

तुझी शोकसभा व्हायला नको होती, इतकंच सांगतो. हार तुला आवडायचे नाहीत म्हणून दोनच आणले होते, त्यातला एक चुकून प्राचार्यांच्या गळ्यात पडला. ज्या माणसानं तुला क्षेत्रभेटीची जीप तीन वेळा नाकारली तो म्हणाला की सोपानसर म्हणजे फिरतं विद्यापीठ. कुणी तुला पर्यावरणाचा दीपस्तंभ केलं, समुद्रापासून इतक्या लांब. पाचही वक्ते म्हणाले की न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. तू असतास तर उठून सांगितलं असतंस की हवेत पोकळी टिकत नाही, दाब कमी झाला की आजूबाजूची हवा लगेच घुसते, हे अकरावीला आहे. आणि घुसलीच. सभा संपायच्या आत तुझ्या विभागप्रमुखपदासाठी दोघांनी शब्द टाकून ठेवला होता. त्यातला एक मी.

मला बोलायला सांगितलं. वहिनी पहिल्या ओळीत बसल्या होत्या. तुझ्याबद्दल बोलायला मी उभा राहिलो आणि त्यांच्याशी नजरानजर झाली. अशा वेळी मी काय करतो ते तुला माहीत आहे. मी उदबत्तीचा किस्सा सांगितला. सगळी सभा हसली. प्राचार्यांनी डोळे पुसले. आणि चहाच्या वेळी त्यांनी जाहीर करून टाकलं की कॉलेजतर्फे घाटघरला तुझ्या नावाचा फलक बसवायचा. 'स्वर्गीय सोपानसर यांच्या संशोधनातून सिद्ध: येथील हवा जुन्नर-आंबेगाव परिसरातील सर्वांत शुद्ध.' वहिनींच्या हस्ते अनावरण. मागे फोटो, घाटघरच्या पहाटेच्या धुक्याचा. फोटो काढणारा मी.

सोपान, आता त्या धुक्याचं बोलायला हवं. आजवर आपण दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही.

उदबत्तीच्या आधी, त्याच दिवशी पहाटे, मी पोरांना घेऊन गावाच्या वरच्या टेपावर, उंचवट्यावर गेलो होतो. खाली खोलगटात पांढरं शुभ्र काहीतरी पसरलं होतं. मी हात पसरून धुक्यावर तास घेतला. दवबिंदू, आर्द्रता, सह्याद्रीचा उतार, सगळं काढलं. मधे मधे खोकत होतो, पोरंही खोकत होती, मी म्हटलं थंडी बाधली. एका पोरीनं त्याचं चित्रण केलं आणि ते कॉलेजच्या पानावर झळकलं. शिमगा होऊन गेला होता. शिमग्यानंतर घाटघरला धुकं!

दुसऱ्या दिवशी पहाटे, दोन्ही मशिनं जोडीनं चढत असताना, तू मला एकट्याला त्याच टेपावर घेऊन गेलास. तिथून फक्त बोट दाखवलंस. उतारावर जागोजागी राब भाजत होते. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, पालापाचोळा, फांद्या, शेणी पसरून पेटवतात, हे मी दर वर्षी पोरांना शिकवतो. फळ्यावर आकृती काढून शिकवतो. त्याचाच धूर रात्रभर थंड हवेबरोबर खाली उतरून खोलगटात साचला होता आणि मी त्याला धुकं म्हणून शिकवून मोकळा झालो होतो. एक बाई तोंडाला पदर लावून काठीनं जाळ सारखा करत होती. तू म्हणालास, "हिला दोष द्यायचा न्हाई. पण हिच्या छातीत जातंय ते धुकं हाय, असं तरी आपण सांगायचं न्हाई."

पुढं कैक वर्षं तू माझ्या अक्षरावर बोललास, माझ्या स्कूटरवर बोललास, माझ्या मुलाच्या गणितावर बोललास. पण धुक्याचा तास तू कुणाला सांगितला नाहीस. स्टाफरूममध्ये नाही, वहिनींनाही नाही. तू सांगितलं असतंस तर मी पुन्हा वर्गात उभा राहू शकलो नसतो. भूगोलाच्या मास्तरनं मशीनला उदबत्ती लावली तर लोक हसतात आणि सोडून देतात. भूगोलाच्या मास्तरला धूर ओळखता आला नाही तर हसत नाहीत. म्हणून मी उदबत्ती गावभर मिरवली. आकडा का चढला, असं कुणी विचारायच्या आत मी त्यांना हसवत होतो. पंगतीतून तू का उठून गेलास ते मला तेव्हाच कळलं होतं, जिलबीचं मी उगाच लावून धरलं.

तुझे आभार मानायचे राहिले. मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या तोंडावर मला ते जमलंच नसतं. तू "बरं, मग?" म्हणाला असतास आणि मी पुन्हा केळ्यावर गेलो असतो.

तर मी प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, सर, तो फलक लावू नका. ज्या आकड्यावर सोपाननं सही केली नाही त्या आकड्याखाली त्याचं नाव जाईल. घाटघरचे चढलेले आकडे खरे आहेत.

ते म्हणाले, "अहो, ती तर तुमची उदबत्ती ना?" आणि आठवून हसायला लागले.

म्हटलं, उदबत्ती अर्ध्या तासाची. बाकीचा राबाचा धूर होता. तो फोटोसुद्धा धुक्याचा नाही, धुराचा आहे.

त्यांनी मोबाईल काढला. कॉलेजच्या पानावरचा माझा तास लावला. मी हात पसरून दवबिंदू समजावत होतो आणि मधे मधे खोकत होतो. त्यांनी तो पूर्ण बघू दिला मला. मग म्हणाले, "सर, तुम्हीच धुकं म्हणून शिकवलंय. विद्यार्थ्यांनी परीक्षेत लिहिलंय, तुम्ही मार्क दिलेत. आता धूर म्हटलं तर कॉलेजची अब्रू काय राहील?" मी म्हटलं, अब्रू माझी जाईल, कॉलेजची नाही. ते म्हणाले, तुमची कधी होती? तुम्ही आमचे विनोदी सर. जा, आपण काढतोय त्या स्मृतिपुस्तिकेसाठी सोपानसरांवर काहीतरी छान लिहून द्या. हलकंफुलकं.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला पण. पण खाली उतरताना माझ्या लक्षात आलं की या माणसानं एकही खोटी गोष्ट स्वतः बनवलेली नाही. सगळी मी पुरवली. मी खोडलेले आकडे, मी रंगवलेला किस्सा, मी काढलेला फोटो. त्यानं फक्त फ्रेम करायला टाकली.

मग मी हे लिहायला बसलो. ठरवलं, पुस्तिकेत हेच द्यायचं, धुक्यासकट. छापलं नाही तर घाटघरला जाऊन फलकावर चिकटवायचं. आठवडाभर घासून पुसून लिहिलं. तुझ्या नावाखाली काय जातंय हे वहिनींना आधी सांगायला पाहिजे म्हणून परवा पिंपळवंडीला गेलो. वहिनी ओट्यावर लसूण निवडत होत्या. मी सगळं वाचून दाखवलं. धुक्याचं वाचताना मधेच पाणी मागून घेतलं. वहिनींनी मान वर केली नाही, पाकळ्या वेगळ्या करत राहिल्या.

शेवटी मी विचारलं, वहिनी, अनावरणाचं काय करायचं? त्या म्हणाल्या, फलक होत न्हाई. सभेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्राचार्यांना फोन करून सांगितलं होतं की ज्यावर ह्यांची सही नाही त्यावर ह्यांचं नाव लागलं तर मी येणार नाही, आणि का आले नाही ते शाळेत सगळ्यांना सांगेन. सही का केली नाही ते तू घरी एका वाक्यात बोलला होतास, घाटघरचे खरे आकडे खोडलेत म्हणून. माझं नाव न घेता. एवढ्यावर त्यांचं भागलं होतं. प्राचार्यांनी माझ्यापुढं ती व्हिडिओची कसरत केली तेव्हा फलक आधीच रद्द झाला होता. मला ते सांगावंसंही त्यांना वाटलं नाही.

मी कागद घडी करून खिशात घालायला लागलो. वहिनींनी लसणाची सुपली बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"भाऊजी, एक इचारू? ते तुमाला सारखं लांब उभं ऱ्हावा म्हणायचे ना? मग हितं बी मशीनपुढं तुमीच उभं ऱ्हायलाय की. ह्यांच्यावर लिवलंय म्हणताय, पण समदी हवा तुमचीच आलीया."